शरीराची दारं: माणसांच्या आणि जनावरांच्या नैसर्गिक छिद्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. तालुक्याच्या गावाला राहते आणि दिवसभर गोठ्यांतून फिरते. गाय तपासून हात धुवायला बसले की प्रश्न सुरू होतात. आधी गायीबद्दल, मग कुत्र्याबद्दल, आणि चहा येईपर्यंत घरातली बाई हळू आवाजात आपल्या लेकीबद्दल विचारते. यातले जे प्रश्न वर्षानुवर्षं त्याच शब्दांत कानावर येतात, ते इथे घेतले आहेत. माणसांना औषध देणं माझं काम नाही. माणसांबद्दल इथे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारलंत तर तेही सांगतील, एवढंच आहे. पण गोठा असो की घर, एक गोष्ट मी सारखी बघते. शरीराच्या प्रत्येक दाराला स्वतःचा राखणदार असतो, आणि आपण काडी, तेल, पिन नाहीतर बोट घेऊन त्याच्याच वाटेत जातो.

कीर्तनात ऐकलं, देहाला नऊ दारं असतात. मोजली तर भरतात का?

पुरुषाच्या शरीरावर मोजा, भरतात. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड, लघवीची वाट आणि गुद. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय ते हेच. सुश्रुतसंहितेने हिशेब पुढे नेला. पुरुषाची बाहेर उघडणारी स्रोतसं नऊ, बाईची त्याहून तीन जास्त: दोन स्तनांची आणि एक खाली, पाळीचं रक्त वाहणारं. त्या काळी कुणीतरी हे इतकं नीट पाहून लिहून ठेवलं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आजच्या नजरेने मोजायला बसलं तर आकडा हलतो. डोळा हे भोक नाहीच, ते पुढच्या प्रश्नात येईल. बाईच्या स्तनाग्राला एक नाही, अनेक बारीक तोंडं असतात. आणि घामाच्या ग्रंथींची तोंडं मोजलीत तर ती वीस ते चाळीस लाखांत जातात.

डोळ्यात औषध घातलं की घशात कडू का लागतं?

कारण डोळ्यातून नाकात उतरणारी वाट आहे. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्यापाशी जरा बाहेर वळवा. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. तसाच एक वरच्या पापणीवर असतो. डोळ्यातलं पाणी या चार ठिपक्यांतून नळीत जातं, नळी नाकात उघडते, आणि नाकातून ते मागे घशात येतं. रडताना नाक वाहतं तेही त्यामुळेच. थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून धरा. औषध डोळ्यात राहतं आणि कडूपणाही लागत नाही.

काही तान्ह्या बाळांची ही नळी जन्मतः पूर्ण उघडलेली नसते. मग एक डोळा सतत ओलसर राहतो, सकाळी चिपडं येतात. बहुतेकांची वर्षभरात आपोआप मोकळी होते. डॉक्टर कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली मालिश करायला शिकवतात, तेवढं नेमाने करावं. काजळ घालू नका. त्या ठिपक्यात काजळ बसलं तर वाट आणखी बंद होते.

कानातला मळ काढायचा की नाही? आमच्याकडे दर रविवारी कोमट तेल घालतात.

काढायचा नाही. कान बंद गल्ली आहे. मोठ्या माणसात बाहेरच्या तोंडापासून पडद्यापर्यंत जेमतेम एक इंच, आणि पडद्यापलीकडे जायला बाहेरून वाट नाही. बंद गल्लीत कचरा साचायला हवा, पण साचत नाही. कारण या गल्लीतली कातडी स्वतःच सरकते. पडद्यापाशी नवी कातडी तयार होते आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला येत राहते, आपल्यासोबत मळ आणि धूळ घेऊन. जेवताना जबडा हलतो, त्यानेही मळ सुटतो. मळ चिकट असतो, किंचित आंबट असतो, त्यात जंतू वाढत नाहीत, किडे अडकतात. असा राखणदार विकत मिळायचा नाही.

आता आपण काय करतो? कापसाची काडी घालतो आणि बाहेर निघालेला मळ पुन्हा पडद्यापर्यंत ठोकून बसवतो. आगपेटीची काडी, केसांची पिन, स्कूटरची किल्ली, सगळं मी पाहिलं आहे. तेल पडद्याला भोक नसलेल्या कानात एकदा गेलं तर मोठं बिघडत नाही, पण रोज घालत गेलं तर पावसाळ्यात कानात बुरशी धरते. आणि ज्याचा कान वाहतो त्याच्या कानात थेंबभरही घालू नये. कान बंद वाटला, ऐकू कमी आलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते दोन मिनिटांत काढतात.

लहान मुलांचे कान सर्दीनंतर दुखतात, त्याला मळ कारण नाही. कानाच्या पडद्यामागून घशाकडे उतरणारी एक नळी असते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकातला संसर्ग सरळ कानात चढतो. म्हणून बाळाला पूर्ण आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नये.

कानात किडा गेला, किंवा नाकात डाळीचा दाणा घातला तर?

किडा जिवंत असेल आणि कान वाहता नसेल तर थोडं खोबरेल घाला, गरम न करता. किडा आत मरतो आणि मग डॉक्टर तो काढतात. डाळ, हरभरा, शेंगदाणा असलं काही असेल तर पाणी अजिबात घालू नका, दाणा फुगून अडकतो. चिमट्याने ओढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा गोल सेल नाकात, कानात गेला असेल तर रात्र असली तरी थांबू नका, दवाखाना गाठा. तो ओलाव्याला लागला की काही तासांत आतली कातडी भाजून काढतो. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दी म्हणून सोडू नका. आत काहीतरी अडकलेलं असतं.

घोळणा फुटला की कांदा हुंगवतात, डोकं मागे करून झोपवतात. बरोबर आहे का?

नाही. डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं, मूल ते गिळतं आणि मग ओकतं. आपल्याला वाटतं रक्त थांबलं. मुलाला बसवा, जरा पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि दहा मिनिटं सोडू नका. मध्येमध्ये उघडून बघण्याचा मोह आवरा. दहा-पंधरा मिनिटांनीही वाहतं राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. मुलांमध्ये बहुतेक वेळा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातलं रक्त असतं. तिथे बारीक शिरांचं जाळं असतं आणि उन्हाळ्यात ते सुकून तडकतं. नखं कापून ठेवलीत तरी अर्धं काम होतं.

काढा पाजताना गाय खोकली आणि दोन दिवसांनी धापा टाकायला लागली. काढा विषारी होता का?

काढा विषारी नसतो, तो चुकीच्या वाटेने गेलेला असतो. तोंडातून आत गेलं की घशात एक चौक लागतो. तिथून अन्नाची एक वाट आणि हवेची एक. गिळताना श्वासनळीच्या तोंडावर झाकण पडतं म्हणून आपण जगतो. गायीचं तोंड वर आभाळाकडे करून, जीभ बाहेर ओढून धरून बांबूच्या नळकांड्याने तेल-काढा ओतला तर तिला गिळताच येत नाही. झाकण पडत नाही आणि औषध फुप्फुसात जातं. अशी जनावरं मी वाचवलीही आहेत आणि गमावलीही आहेत. मान सरळ ठेवा, जीभ मोकळी सोडा, ओठाच्या कोपऱ्यातून घोट घोट पाजा. खोकली की लगेच थांबा आणि मान खाली सोडा.

हेच बाळाबद्दल. न्हाऊ घालताना नाकात तेलाचे थेंब सोडण्याची पद्धत अजून आहे. ते तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आजीचा जीव बाळात असतो हे मला माहीत आहे, म्हणून तर आजीलाच सांगावं लागतं.

घोड्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही, नाकपुड्या हीच त्याची एकमेव हवा. आणि त्याला ओकताही येत नाही. म्हणून घोड्याला पोटशूळ झाला तर उद्यावर टाकू नका.

टाळू भरली पाहिजे ना? ते तर उघडंच असतं.

टाळू उघडी नसते. कवटीची हाडं तिथे अजून जुळलेली नसतात, पण वर कातडी आणि खाली चिवट पडदा असतो. जन्माच्या वेळी डोकं अरुंद वाटेतून येताना हाडं एकमेकांवर सरकावीत म्हणून ही सोय आहे. पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते. तेल थापल्याने ती लवकर भरत नाही, तेलाचा हलका हात फिरवायला हरकतही नाही. बघायचं ते वेगळंच. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली असेल तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. ताप असून टाळू फुगून वर आली असेल तर तडक दवाखान्यात न्या.

बेंबी मात्र जन्मानंतर काही दिवस खरंच दार असतं. नाळ सुकून पडेपर्यंत तिथून आत जाणारा जंतू सरळ रक्तात पोचतो. पूर्वी नाळेला शेण, राख, हळद लावायचे आणि बाळं धनुर्वाताने जायची. स्वच्छ बाळंतपण आणि आईला धनुर्वाताची लस, या दोन गोष्टींनी ते चित्र बदललं. २०१५ साली भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. बाळाची नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका.

वासराचं उलटं. ते शेणामुतातच पडतं, म्हणून त्याच्या नाळेला जन्मल्याबरोबर टिंक्चर आयोडीन लावायचं. पंधरा दिवसांनी वासराचे गुडघे सुजले आणि ते लंगडायला लागलं की लोक म्हणतात गायीने पाय दिला. मी आधी बेंबी चाचपते. बहुतेकदा तिथे गाठ आणि पू सापडतो.

लघवीची वाट आणि पाळीची वाट एकच असते का?

हा प्रश्न मला दोन मुलांच्या आयांनीही विचारला आहे. विचारताना त्यांना वाटलेला संकोच आठवला की आपण मुलींना शाळेत काय शिकवतो असा प्रश्न पडतो. एकच नसते. पुढून मागे तीन वेगळी दारं आहेत: लघवीचं, योनीचं आणि गुदाचं. बाईची मूत्रनळी फक्त चारेक सेंटिमीटर, पुरुषाची वीसेक. म्हणूनच बायकांना लघवीची जळजळ वारंवार होते, जंतूंना चालायला अंतरच नसतं. धुताना, पुसताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. शेतात, प्रवासात जागा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीची धार जंतू धुऊन बाहेर काढते, तीच बंद पडते.

योनीला आतून साबण, डेटॉल, कुठलंही सुगंधी द्रावण लागत नाही. तिथे राहणारे चांगले जंतू आम्ल तयार करतात, आणि तेच त्या दाराचे राखणदार आहेत.

योनिपटलाबद्दल स्पष्ट लिहिते. ते झाकण नाही, कडेची घडी आहे, आणि तिला मुळातच भोक असतं. नाहीतर पाळीचं रक्त बाहेर येणार कुठून? खेळताना, सायकल चालवताना ते ताणतं, आणि काहींना पहिल्या संबंधातही रक्त येत नाही. त्याच्यावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करण्याला विज्ञानात कुठेही जागा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार पीडितेवरची दोन बोटांची तपासणी अशास्त्रीय ठरवली आणि ती करणं हे गैरवर्तन मानलं जाईल असं सांगितलं. लग्नाच्या रात्री पांढरी चादर बघणाऱ्यांनी हे वाचावं.

क्वचित एखाद्या मुलीचं योनिपटल जन्मतः पूर्ण बंद असतं. ती चौदा-पंधरा वर्षांची होते, पाळी दिसत नाही, पण दर महिन्याला पोटात कळा येतात. तिला जंतावरच्या गोळ्या देत बसू नका. छोट्या शस्त्रक्रियेने ती बरी होते.

वासरू जन्मल्यापासून शेण टाकत नाही. बद्धकोष्ठ आहे का?

शेपूट उचलून बघा. एकदा संध्याकाळी एका वस्तीवर गेले होते. दोन दिवसांचं खोंड, उड्या मारायला हवं होतं, पण पोट ढोलासारखं आणि मान खाली. मालकाने एरंडेल पाजलं होतं. शेपूट उचलली तर खाली सपाट, केसाळ कातडी. भोकच नव्हतं. वासरू हंबरलं की तेवढीच जागा आतून फुगून वर यायची, अंगठ्याएवढी. जागा सुन्न करून कातडी गोल कापली, आतलं आतडं ओढून कडेला टाके घातले. पहिलं काळं शेण बाहेर आलं तेव्हा मालकाची आई वासराच्या कपाळाला हळदकुंकू लावायला धावली. ते वासरू वाढलं, कामाला आलं. कालवडीत कधी शेण योनिमार्गातून येतं, म्हणून दोष लवकर कळत नाही.

माणसाच्या बाळातही असं होतं, साधारण पाच हजारांत एकाला. म्हणून जन्मल्यावर नर्स आधी सगळी छिद्रं तपासतात. घरी बाळंतपण झालं असेल आणि बाळाने पहिल्या २४ तासांत शी केली नाही तर वाट पाहू नका.

आणि एक, जे मला अजून थक्क करतं. माणसाच्या गर्भात तोंड आणि गुद ही दोन्ही दारं आधी पातळ पडद्याने बंद असतात. तोंडाचा पडदा आधी फाटतो, गुदाचा त्यानंतर काही आठवड्यांनी.

दूध काढल्यावर गाय लगेच बसू देऊ नये म्हणतात. का?

कारण दार उघडं असतं. गायीच्या सडाच्या टोकाला एकच भोक, आत साधारण एक सेंटिमीटरची अरुंद वाट, आणि तिच्याभोवती आवळून धरणारा स्नायू. दोन धारांच्या मधल्या वेळात ही वाट चिकट, मेणासारख्या बुच्च्याने बंद असते. दूध काढताना बुच्चा निघून जातो, स्नायू सैल होतो, आणि पुन्हा आवळायला अर्धा ते एक तास लागतो. या वेळात गाय शेणात बसली की जंतू सरळ कासेत. मग दगडी होते. आमच्या भागात कासदाहाला दगडी म्हणतात ते किती नेमकं आहे, हात लावल्यावर कळतं. कास खरोखर दगडासारखी लागते.

म्हणून धार काढून झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. ती खात उभी राहते. एवढी एक सवय महिन्याच्या औषधाच्या बिलापेक्षा जास्त काम करते, हे मी शेकडो गोठ्यांत सांगितलं आहे आणि सांगत राहणार आहे. धार पूर्ण मुठीने काढा. अंगठा मुडपून काढलेल्या धारेने सडाच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत घ्या, गुठळी, पाणी, रक्त लगेच दिसतं.

सड बंद झाला म्हणून कडुनिंबाची काडी, सायकलची तार, सुई आत घालणारे लोक आजही आहेत. त्या काडीने दूध येतं, एकदाच. नंतर त्या सडाला आयुष्यभर दूध येत नाही.

म्हशीचा हा स्नायू गायीपेक्षा घट्ट, म्हणून ती धारेला जड. शेळीला दोन सड. घोडीलाही दोनच, पण तिच्या प्रत्येक सडाला सहसा दोन भोकं असतात.

जास्त दूध यावं म्हणून फुका मारतात, त्याने काही होतं का?

गायी-म्हशीच्या योनीत नळीने हवा फुंकणे म्हणजे फुका. ताण आल्याने पान्हा सुटतो हे खरं, पण आत जखमा होतात, गर्भाशय सडतं, जनावर पुन्हा गाभण राहत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा आहे. दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, आणि जनावर सरकारजमा. गांधीजींना दुधाचा वीट आला तो याच प्रकारामुळे. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. पान्हा हवा असेल तर वासरू सोडा, कास कोमट पाण्याने पुसा, तोच माणूस तीच वेळ ठेवा.

व्यायल्यावर अंग बाहेर आलं. वार पडत नाही. डॉक्टर येईपर्यंत काय करू?

अंगावर स्वच्छ ओलं फडकं गुंडाळा, माश्या, कुत्री, कावळे लांब ठेवा, आणि गाय अशी बांधा की मागची बाजू उंच राहील. मीठ, राख लावू नका. स्वतः आत ढकलू नका, नखाने फाटलं तर ती रक्तस्रावाने जाते.

वारीला दगड, वीट, जुनी चप्पल बांधून लोंबकळत सोडतात. कृपा करून हे बंद करा. वार आत घट्ट धरलेली असते, ओझ्याने ती तुटते आणि तुकडा आत कुजतो, नाहीतर गर्भाशयच ओढून बाहेर येतं. बारा तासांत पडली नाही तर फोन करा.

चांगलं जनावर अचानक मेलं, नाकातून आणि गुदातून रक्त आलंय. फाडून कारण बघता येईल का?

फाडू नका. कातडं काढू नका. हात लावू नका. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

नाक, तोंड, गुद, योनी अशा नैसर्गिक छिद्रांतून डांबरासारखं काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही, पोट झपाट्याने फुगतं, अंग नेहमीसारखं ताठत नाही. ही फाशीची लक्षणं, म्हणजे ॲन्थ्रॅक्स. याचा जंतू शरीरात बंद असतो तोवर कुजताना मरून जातो. पण फाडलं, हवा लागली, की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू होतो आणि मातीत अनेक दशकं टिकतो. पाऊस पडतो, गवत उगवतं, दुसरं जनावर तिथे चरतं. कातडं काढणाऱ्याच्या हातावर काळा खपल्याचा फोड उठतो, म्हणून माणसात याला काळपुळी म्हणतात. असं मांस खाल्लं तर माणूस दगावू शकतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये या जंतूचं सगळं जीवनचक्र मांडलं. अमुक एक जंतू अमुक रोग करतो हे पहिल्यांदा पक्कं दाखवलं गेलं ते याच रोगात. पाश्चर यांनी १८८१ मध्ये मेंढ्यांवर लसीचा जाहीर प्रयोग केला. इतकी जुनी ओळख असूनही हा रोग आपल्या मातीतून गेलेला नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. आम्ही कानाच्या शिरेतला एक थेंब घेतो, काचेवर पसरतो, बस. नाका-गुदात जंतुनाशकात भिजवलेला कापूस कोंबा, तोही हातमोजे घालूनच. सहा फूट खोल खड्डा, चुना, आणि जनावराखालची रक्त सांडलेली मातीसुद्धा त्याच खड्ड्यात. ज्या गावात एकदा झालं तिथे दरवर्षी पावसाळ्याआधी लस.

कोंबडीचं अंडं आणि विष्ठा एकाच भोकातून येतात. मग अंडं घाण कसं नसतं?

पाखरं, साप, पाली, बेडूक या सगळ्यांना मागे एकच दार असतं, शास्त्रात त्याला अवस्कर म्हणतात. पण अंडं घालताना कोंबडीची अंडनलिका मोज्यासारखी उलटून बाहेर येते आणि आतड्याचं तोंड दाबलं जातं. अंडं विष्ठेला न शिवता बाहेर पडतं. नुकतं घातलेलं अंडं ओलसर असतं आणि हातात घेता घेता सुकतं. ते सुकलेलं पातळ आवरण कवचावरची हजारो सूक्ष्म छिद्रं झाकतं. म्हणून साठवायची अंडी धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा.

कुत्रं बूड जमिनीला घासत चालतं. जंत झालेत का?

कधी जंत असतात. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली दिसले तर नक्कीच. पण बऱ्याचदा गुदाच्या दोन्ही बाजूंना, आत, ज्या दोन छोट्या पिशव्या असतात त्या तुंबलेल्या असतात. कुत्री एकमेकांना भेटल्यावर मागे हुंगतात ते यांच्याच वासासाठी. एकदा डॉक्टरांकडून मोकळ्या करून घ्या.

सापाला कान नसतात, मग तो पुंगी कशी ऐकतो?

कानाचं भोक नसतं, पडदाही नसतो. आतला कान मात्र असतो आणि तो जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो, म्हणून जमिनीची थरथर त्याला कळते, काही खालच्या पट्टीतले आवाजही. पुंगीपुढे तो डोलतो ते गारुड्याच्या हालचालीकडे बघून. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याला डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये आणखी एक खळगा असतो. त्याने अंधारात उंदराच्या अंगाची ऊब कळते. घोणसाला तो खळगा नाही, पण तिच्या नाकपुड्या मोठ्या. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार तिथूनच येतो, आणि तो ऐकल्यावर पाय जागीच थांबवावा.

गव्हाणी घुबडाच्या कानाची भोकं पिसांखाली असतात आणि दोन्ही एका पातळीत नसतात, एक वर एक खाली. दोन कानांत आवाज पोचण्यातल्या या फरकावरून ते मिट्ट काळोखात उंदीर पकडतं.

नाक नसलेले प्राणी श्वास कुठून घेतात?

झुरळाच्या अंगाच्या कडेने श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. डोकं तुटलं तरी ते काही दिवस जगतं याचं एक कारण तेच, श्वास डोक्यातून नसतोच. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं, कातडी सुकली की गेलं. माशाच्या नाकपुड्या फक्त वासासाठी. हवा कल्ल्यांतून, म्हणून बाजारात कल्ला उचलून लाल आहे का बघतात. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या डॉल्फिनचं नाक डोक्यावर गेलंय, एकच भोक, झडपेसकट. मोठ्या देवमाशांना, ज्यांना दातांऐवजी गाळणी असते, तिथे दोन भोकं असतात. त्यांची श्वासाची वाट तोंडापासून वेगळी, त्यामुळे पाण्याखाली तोंड उघडलं तरी ठसका लागत नाही.

दहावीच्या पुस्तकातले रंध्रीय प्राणी तर भोकांनीच बनलेले. स्पंज हजारो बारीक छिद्रांतून पाणी आत घेतो आणि वरच्या मोठ्या भोकातून सोडतो. जलव्यालाला, म्हणजे हायड्राला, एकच तोंड. खातो तिथूनच आणि टाकतोही तिथूनच.

काळवीटाच्या डोळ्यापुढे भोक दिसतं. जखम आहे का?

जखम नाही. ती ग्रंथीची पिशवी आहे. सांबरालाही असते. हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामध्ये असंच छिद्र असतं, तिथून मद गळतो. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात मी एका सकाळी काळवीटाला ही पिशवी वापरताना जवळून पाहिलं. काळा नर बाभळीच्या वाळक्या काटकीपाशी आला, मान तिरपी केली, पिशवी उलगडली आणि काटकीचं टोक अलगद तिच्यात घेतलं. काढलं तेव्हा टोकाला काळा, डिंकासारखा ठिपका होता. तो दोन पावलं मागे सरला, ठिपका हुंगला आणि पुढच्या काटकीकडे गेला. नंतर एक तरुण नर चरत तिथवर आला, त्या टोकाला नाक लावलं, आणि आल्या वाटेने परत फिरला.